आंशिक दाबाचा हिशोब: वायुमिश्रणापासून द्रावणापर्यंत

दोन भांडी घ्या. एकात गोडं पाणी, दुसऱ्यात समुद्राइतकं खारं पाणी. दोन्ही २५ अंश सेल्सिअसला ठेवा आणि दोन्हींतून बराच वेळ हवेचे बुडबुडे सोडा. मग विरघळलेला ऑक्सिजन मोजला, तर गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम आणि खाऱ्या पाण्यात पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास सापडेल. आता या दोन पाण्यांच्या मध्ये फक्त वायू आरपार सोडणारा पातळ पडदा बसवला, तर ऑक्सिजन कुठून कुठे जाईल?

गोड्याकडून खाऱ्याकडे, असं उत्तर पटकन तोंडात येतं, कारण गोड्या पाण्यात तो जास्त आहे. प्रत्यक्षात तो कुठेच जाणार नाही. दोन्ही पाण्यांचा समतोल एकाच हवेशी झालेला आहे, म्हणून दोन्हींत ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा स्वतःचा वाटा, सारखाच, साधारण २०.६ किलोपास्कल आहे. वायू कुठे सरकणार हे आंशिक दाबातल्या फरकावर ठरतं. किती वायू साठलाय हा वेगळा प्रश्न. उष्णता आणि तापमान यांचं जे नातं आहे, तेच वायूचं प्रमाण आणि त्याचा आंशिक दाब यांचं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा सगळा हिशोब अंकगणिताचा आहे.

पहिली पायरी: दाब निरपेक्ष आहे ना?

सिलिंडरवरचा मीटर बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे तेवढंच दाखवतो. त्याला गेज दाब म्हणतात. आंशिक दाबाच्या कुठल्याही सूत्रात हा आकडा तसाच टाकायचा नाही, त्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवून निरपेक्ष दाब काढायचा. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१.३ किलोपास्कल असतो, म्हणजेच १ ॲटमॉस्फिअर, १.०१३ बार किंवा पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. तापमान केल्विनमध्ये घ्या. एकक कुठलंही निवडा, पण एका गणितात एकच ठेवा. खाली मी चार एककं वापरली आहेत, कारण रसायनशास्त्रवाले किलोपास्कल, विद्राव्यतेचे तक्ते ॲटमॉस्फिअर, पाणबुडे बार आणि डॉक्टर मंडळी पारा सोडायला तयार नाहीत.

दुसरी पायरी: वजनाचे मोल करा

जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मांडलेला नियम सोपा आहे. मिश्रणातला प्रत्येक वायू असा वागतो, जणू ते सगळं भांडं त्याचं एकट्याचंच आहे. तो एकटा असता तर जेवढा दाब पडला असता तो त्याचा आंशिक दाब, आणि अशा सगळ्या दाबांची बेरीज म्हणजे एकूण दाब. याचंच दुसरं रूप:

आंशिक दाब = मोल अपूर्णांक × एकूण दाब

मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक; ग्रॅममधलं वजन भागिले रेणुभार म्हणजे मोल. मोल अपूर्णांक म्हणजे त्या वायूचे मोल भागिले सगळ्या वायूंचे मोल. वजनाचा अपूर्णांक इथे चालत नाही, आणि परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

समजा १० लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० केल्विनला १४ ग्रॅम नायट्रोजन, ८ ग्रॅम ऑक्सिजन आणि २ ग्रॅम हीलियम आहे. रेणुभाराने (२८, ३२, ४) भागल्यावर ०.५, ०.२५ आणि ०.५ मोल मिळतात. बेरीज १.२५. एकूण दाब = मोल × वायू स्थिरांक × तापमान ÷ आकारमान = १.२५ × ८.३१४ × ३०० ÷ १० = ३११.८ किलोपास्कल. लिटर आणि किलोपास्कल सोबत वापरले की वायू स्थिरांक ८.३१४ तसाच चालतो, रूपांतर लागत नाही.

हीलियमचा मोल अपूर्णांक ०.४, म्हणून त्याचा आंशिक दाब १२४.७ किलोपास्कल. नायट्रोजनचाही तेवढाच. ऑक्सिजनचा ६२.४. बेरीज करून बघा, ३११.८ येते. वजनात हीलियम जेमतेम ८ टक्के आहे, पण दाबात त्याचा वाटा ४० टक्के. याच सिलिंडरचा मीटर २१०.५ दाखवेल. तो आकडा ०.४ ने गुणला तर हीलियमचा दाब ८४ येतो आणि उत्तर एक तृतीयांशाने चुकतं.

हवेच्या बाबतीत हे मोलचं काम आधीच झालेलं असतं. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ टक्के, आर्गॉन ०.९३ टक्के हे आकडे आकारमानाचे आहेत, आणि आदर्श वायूसाठी आकारमानाचे टक्के म्हणजेच मोलचे टक्के.

आता याच सिलिंडरमध्ये १ मोल आर्गॉन आणखी भरला तर? एकूण दाब ५६१ किलोपास्कलवर जाईल. ऑक्सिजनचा मोल अपूर्णांक ०.२ वरून ०.१११ वर घसरेल. पण त्याचा आंशिक दाब ६२.४ च राहील, कारण त्याचे मोलही तेवढेच आहेत आणि भांडंही तेवढंच. भांड्याला सरकता दट्ट्या असता आणि एकूण दाब ३११.८ वरच ठेवला असता, तर मात्र ऑक्सिजनचा दाब ३४.६ वर आला असता. ‘निष्क्रिय वायू मिसळला’ एवढंच वाचून उत्तर लिहू नका. आकारमान स्थिर आहे की दाब, हे आधी शोधा. रासायनिक समतोलाच्या प्रश्नांत पुढचा सगळा निकाल यावर फिरतो.

तिसरी पायरी: पाण्याची वाफ आधी बाजूला काढा

पाण्याच्या सान्निध्यातला कुठलाही वायू ओला असतो. त्यातली वाफ आपला दाब तापमानावरून ठरवते, बाकी वायू किती आहेत याच्याशी तिला घेणंदेणं नाही. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब २० अंशांना २.३४ किलोपास्कल, २५ ला ३.१७, ३० ला ४.२४ आणि शरीराच्या ३७ अंशांना ६.२८, म्हणजे पाऱ्याचे ४७ मिलिमीटर. हे चार आकडे जवळ लिहून ठेवा, वारंवार लागतात.

प्रयोगशाळेतलं नेहमीचं उदाहरण: पाण्यावर गोळा केलेला ऑक्सिजन, आकारमान २५० मिलिलिटर, तापमान २५ अंश, बाहेरचा दाब ९८.० किलोपास्कल. नळीतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी केली की आतला एकूण दाबही ९८.० होतो. त्यातून वाफेचे ३.१७ वजा केले की ऑक्सिजनचा दाब ९४.८३. मोल = ९४.८३ × ०.२५० ÷ (८.३१४ × २९८.१५) = ०.००९५६. वाफ विसरलात तर ०.००९८८ येतात, म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त फरक. पातळी सारखी केलीच नसेल, तर पाण्याच्या स्तंभाचा दाबही हिशोबात धरावा लागतो, दर १० सेंटिमीटरला साधारण १ किलोपास्कल.

हाच हिशोब श्वासालाही लागू होतो. नाकाघशातून आत जाताना हवा ३७ अंशांवर येते आणि वाफेने संपृक्त होते. म्हणून श्वासनलिकेतल्या ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीला (७६० − ४७) × ०.२०९५, म्हणजे साधारण १४९ मिलिमीटर असतो. एव्हरेस्टच्या शिखरावर १९८१ मध्ये प्रत्यक्ष मोजलेला हवेचा दाब २५३ मिलिमीटर होता. तिथे हाच हिशोब (२५३ − ४७) × ०.२०९५ = ४३ मिलिमीटर देतो. हवेतली ऑक्सिजनची टक्केवारी तिथेही २०.९५ च आहे. ‘उंचावर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं’ असं आपण सर्रास म्हणतो. कमी होतो तो दाब. शिवाय वाफ आपले ४७ मिलिमीटर उंचावरही सोडत नाही. समुद्रसपाटीला तिचा वाटा ६ टक्के असतो, शिखरावर तोच जवळपास १९ टक्के. आणखी वर, साधारण १९ किलोमीटरवर, बाहेरचा दाबच ४७ मिलिमीटर उरतो. तिथे शुद्ध ऑक्सिजनचा मुखवटा लावला तरी फुप्फुसात फक्त वाफ मावेल.

चौथी पायरी: द्रवात शिरताना

द्रवात विरघळलेला वायू भिंतीवर आपटून दाब देत नसतो. मग ‘पाण्यातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब’ म्हणजे काय? ज्या वायूशी हे पाणी समतोलात राहील, म्हणजे ना घेईल ना सोडेल, त्या वायूतल्या ऑक्सिजनचा दाब. एवढीच व्याख्या. वर वायू प्रत्यक्षात नसला तरी चालतं.

आंशिक दाब आणि विरघळलेलं प्रमाण यांना जोडणारा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये दिला:

विरघळलेलं प्रमाण = विद्राव्यता स्थिरांक × आंशिक दाब

पाण्यासाठी २५ अंशांना हा स्थिरांक, दर लिटरला दर ॲटमॉस्फिअरमागे, ऑक्सिजनसाठी १.३ मिलिमोल, नायट्रोजनसाठी सुमारे ०.६५ आणि कार्बन डायऑक्साइडसाठी सुमारे ३४ मिलिमोल आहे. तक्त्यातून आकडा उचलताना एकक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही पुस्तकं हाच नियम उलटा लिहितात, दाब = स्थिरांक × मोल अपूर्णांक. तिथे ऑक्सिजनचा स्थिरांक सुमारे ४३,००० ॲटमॉस्फिअर दिसतो. पहिल्या पद्धतीत मोठा स्थिरांक म्हणजे जास्त विरघळणारा वायू, दुसरीत मोठा म्हणजे कमी विरघळणारा.

सुरुवातीच्या गोड्या पाण्याचा आकडा आता काढता येतो. कोरड्या हवेचा दाब १०१.३ − ३.१७ = ९८.१ किलोपास्कल, त्याचे २०.९५ टक्के म्हणजे २०.६ किलोपास्कल, म्हणजेच ०.२०३ ॲटमॉस्फिअर. गुणिले १.३ केले की ०.२६४ मिलिमोल, आणि ३२ ने गुणून ८.४ मिलिग्रॅम. तक्त्यातला आकडा ८.२६ आहे. स्थिरांक दोनच अंकांपर्यंत घेतला, त्याचा हा फरक.

खाऱ्या पाण्यात आंशिक दाब तोच असतो, स्थिरांक लहान होतो. मीठ पाण्याच्या रेणूंना गुंतवून ठेवतं आणि वायूला जागा कमी उरते. लेलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात बनवलेल्या ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या टोकाला असाच वायू सोडणारा पडदा असतो आणि त्याला कळतो तो आंशिक दाबच. दोन्ही भांड्यांत बुडवला तर त्याचा मूळ संकेत जवळपास सारखा येतो. स्क्रीनवर मिलिग्रॅम दाखवणारा मीटर ते तापमान आणि क्षारता वापरून नंतर काढतो. क्षारतेची नोंद न बदलता असा मीटर खाऱ्या पाण्यात बुडवला, तर तो गोड्या पाण्याचेच मिलिग्रॅम निमूटपणे दाखवत राहील.

बंद बाटलीचा हिशोब

खऱ्या कामात बहुधा हा प्रश्न येतो: बंद भांडं, अर्धं पाणी, वर मोकळी जागा, ठरावीक वायू आत सोडला. कुठे किती जाईल? इथे दाब आधी माहीत नसतो, म्हणून मोलची बेरीज मांडायची.

बाटली १ लिटरची, अर्धा लिटर पाणी, तापमान २५ अंश. आतली हवा काढून टाकून २० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड सोडला. त्याचा आंशिक दाब १ ॲटमॉस्फिअर असता, तर मोकळ्या अर्ध्या लिटरमध्ये २०.४ मिलिमोल मावले असते आणि पाण्यात ३४ × ०.५ = १७ मिलिमोल. दोन्ही मिळून ३७.४. आपल्याकडे २० आहेत, म्हणून दाब २० ÷ ३७.४ = ०.५३ ॲटमॉस्फिअर. वायूत १०.९ मिलिमोल, पाण्यात ९.१. हेच ऑक्सिजन घेऊन करा: पाण्याची क्षमता अवघी ०.६५ मिलिमोल, एकूण २१.१, दाब ०.९५ ॲटमॉस्फिअर, पाण्यात जेमतेम ३ टक्के. ‘१ ॲटमॉस्फिअरला किती मावेल’ हा प्रश्न दोन्ही कप्प्यांना विचारायचा, बस. हीच रीत तीन कप्प्यांनाही चालते. तेलाचा थर असेल तर त्याचा स्थिरांक आणि आकारमान घेऊन आणखी एक संख्या बेरजेत घाला. बाटलीतला एकूण दाब हवा असेल तर वाफेचे ३.१७ किलोपास्कल शेवटी मिळवा.

एक पथ्य पाळा. हेन्रीचा नियम रेणूच्याच रूपात राहिलेल्या वायूला लागू होतो. वरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे अर्धा टक्का रेणूच आयन होतात, म्हणून दुर्लक्ष चाललं. पाण्यात अल्क असेल किंवा वायू अमोनियासारखा असेल, तर आयनांचा हिशोब वेगळा करावा लागतो.

बुडबुडे कधी येतात

द्रवातल्या सगळ्या विरघळलेल्या वायूंचे आंशिक दाब आणि द्रवाचा स्वतःचा बाष्पदाब यांची बेरीज बाहेरच्या एकूण दाबाहून जास्त झाली, की बुडबुड्याला वाढायला वाव मिळतो. पृष्ठताणामुळे सुरुवातीला थोडा जास्तीचा दाब लागतो, म्हणून बुडबुडे खाचखळग्यांवर आधी दिसतात. उकळणं म्हणजे याच नियमाचं टोक, जिथे एकट्या वाफेचा दाबच बाहेरच्या दाबाइतका होतो. तेव्हा वर हवेला वाटा उरत नाही, म्हणून उकळलेल्या पाण्यातून विरघळलेली हवा निघून जाते.

सोड्याच्या बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइडचा दाब ४ ॲटमॉस्फिअर धरला, तर लिटरमध्ये १३६ मिलिमोल, म्हणजे साधारण ६ ग्रॅम विरघळलेला असतो. झाकण उघडताच बाहेरचा दाब १ वर येतो आणि आतली बेरीज ४ च राहते. फसफस सुरू. अर्धी प्यायलेली बाटली टिकवायला हवा भरणारे हातपंप मिळतात. त्यांनी एकूण दाब वाढतो, म्हणून बुडबुडे दबतात आणि वायू सुटण्याचा वेग मंदावतो. पण मोकळ्या जागेतला कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब हवा भरून वाढत नाही, त्यामुळे समतोलाला पाण्यात उरणारं प्रमाण पंपाविना उरलं असतं तेवढंच. जास्त उपयोग होतो तो लहान बाटलीत काठोकाठ ओतून ठेवण्याचा. का, ते वरची मोलची बेरीज सांगते.

खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्या माणसांचा हिशोबही हाच. दर १० मीटर खोलीला साधारण १ बार वाढतो. ३० मीटरवर एकूण ४ बार, म्हणून साध्या हवेतल्या नायट्रोजनचा दाब ३.१ बार. ऊती हळूहळू त्या दाबापर्यंत भरतात, आणि चरबीत नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळत असल्यामुळे तिथला साठा मोठा आणि रिकामा व्हायला वेळ लागणारा. झपकन वर आलं तर बाहेर १ बार आणि ऊतींत त्याहून बरंच जास्त, म्हणजे बाटलीचीच गत. ऑक्सिजनला मात्र वरची मर्यादा असते, ती सहसा १.४ बार धरतात. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी १.४ ÷ ०.३२ = ४.३७ बार, म्हणजे साधारण ३३ मीटर. त्याखाली ते मिश्रण वापरायचं नाही.

द्रव स्वतःच उडणारा असेल तर

दोन्ही घटक उडणारे असतील तर राउल्ट यांचा नियम लावा: घटकाचा आंशिक दाब = द्रवातला त्याचा मोल अपूर्णांक × शुद्ध असतानाचा बाष्पदाब. २५ अंशांना बेंझिनचा १२.७ किलोपास्कल, टोल्युइनचा ३.८. समान मोल घेतले तर ६.३५ आणि १.९०, एकूण ८.२५. वाफेत बेंझिनचा वाटा ७७ टक्के. ऊर्ध्वपातन चालतं ते या फरकावर. वर हवा असली तरी हे दोन आकडे बदलत नाहीत, उरलेले ९३ किलोपास्कल हवेचे.

हा नियम एकमेकांसारख्या रेणूंच्या जोडीला शोभतो. इथेनॉल आणि पाणी त्याला जुमानत नाहीत. त्यांची वाफ अपेक्षेपेक्षा जास्त दाब देते आणि वजनाने ९५.६ टक्के इथेनॉलला द्रव आणि वाफ यांची घडण सारखीच होते. साधं ऊर्ध्वपातन तिथे थांबतं. विरळ द्रावणात द्रावकाला राउल्ट आणि विरघळलेल्या घटकाला हेन्री, एवढं धरून चाललं तरी पुष्कळ वेळा भागतं.

रक्ताचा अहवाल वाचताना

धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ९५ ते १०० मिलिमीटर असतो. हेन्रीच्या नियमाने १०० मिलिलिटर रक्तात दर मिलिमीटरला ०.००३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे १०० ला फक्त ०.३ मिलिलिटर. खरा साठा हिमोग्लोबिनकडे. ते १५ ग्रॅम असेल तर प्रत्येकी १.३४ मिलिलिटरच्या हिशोबाने जवळपास २० मिलिलिटर. पण हिमोग्लोबिनला चिकटलेला ऑक्सिजन आंशिक दाबात मोजला जात नाही. म्हणून रक्तक्षय होऊन हिमोग्लोबिन साडेसातवर आलं, तर साठा निम्मा होतो आणि अहवालातला दाब मात्र ठणठणीत दिसतो. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतही तसंच. फुप्फुसं ठीक असतील तर दाब नेहमीसारखा, आणि पेशी ऑक्सिजनवाचून तडफडत असतात.

उपाय याच सूत्रात आहे. शुद्ध ऑक्सिजन दिला की फुप्फुसातला दाब ६७० मिलिमीटरच्या घरात जातो आणि नुसता विरघळलेला ऑक्सिजनच २ मिलिलिटर होतो. दाबकक्षात ३ ॲटमॉस्फिअरला तो साडेसहाच्या आसपास पोचतो, तर विश्रांतीत शरीर १०० मिलिलिटर रक्तातून सुमारे ५ मिलिलिटरच उचलतं. डच शल्यविशारद बुरेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये हे प्रत्यक्ष दाखवलं. त्यांनी डुकरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि ३ ॲटमॉस्फिअर दाबाखाली ती डुकरं केवळ विरघळलेल्या ऑक्सिजनवर जिवंत राहिली.